वानखेडे साहेबांचा खडू

वानखेडे साहेबांना जाऊन वर्ष होत आलं, पण त्यांच्यावरचा माझा राग गेलेला नाही. गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. मी भांडतो. दुकानात गिऱ्हाईक नसलं की त्यांच्या स्टुलाकडे बघून भांडतो. माझं म्हणणं एकच आहे. तुम्ही बोलायला हवं होतं.

माझं सायकलींचं दुकान चंडीगडच्या इंडस्ट्रियल एरियात आहे. पुढं दुकान, मागं पत्र्याच्या शेडमध्ये वर्कशॉप. कोल्हापूरजवळच्या कागलहून टर्नरचं सर्टिफिकेट घेऊन इथं आलो, बरीच वर्षं दुसऱ्याच्या लेथवर उभा राहिलो आणि मग स्वतःचं शटर उघडलं. भाव करण्यात मला सहसा कुणी हरवत नाही. गिऱ्हाईक दारातून आत येतं तेव्हा मी त्याच्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघतो. तेवढ्यावरून निम्मा सौदा कळतो.

वानखेडे साहेब पायांकडे बघायचे. माणूस आत आला की त्यांची नजर थेट खाली. कुणाचा डावा बूट टाचेकडे झिजलाय, कोण चवड्यावर चालतो, कुणाची करंगळी बुटात दबलीय, हे त्यांना नमस्काराच्या आधी कळायचं. माणसांची नावं ते विसरत, पाय विसरत नसत. "तो नाही का, रुंद पंज्याचा," असं ते बँकेच्या मॅनेजरबद्दल बोलायचे.

ते मूळचे अमरावतीचे. सेक्टर ३९ मधल्या एका सरकारी संशोधन संस्थेच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी नोकरी काढली आणि निवृत्त झाल्यावर गावी न जाता चंडीगडबाहेरच्या खरडला फ्लॅट घेतला, कारण तिथं परवडत होता. खरडहून माझ्या दुकानापर्यंत, सगळी मोहाली ओलांडून, आठवड्यातून तीनदा ते सायकलवर यायचे. उंच, वाळलेले, पँटचा उजवा पाय मोज्यात खोचलेला. बुटाची नाडी बांधून झाली की तिचं उरलेलं टोक आत दाबून टाकायचे. "नाडी चेनमध्ये गेली की माणूस जमिनीवर," म्हणायचे.

पहिल्यांदा आले ते साधी रुंद पेडलं घ्यायला. आम्ही दोघं हिंदीत घासाघीस करत होतो. मी खाली येईना, ते वर जाईनात. शेवटी मी मान फिरवून पुटपुटलो, "म्हातारा लई चिवट दिसतोय."

"चिवट नाई," मागून आवाज आला, "वऱ्हाडी हाय."

त्या दिवशी त्यांनी त्यांचाच भाव मिळवला, वर चहा प्यायले. निघताना माझ्या पायांकडे बघून म्हणाले, "जाधव, दिवसभर फरशीवर उभा राहतोस आन् पायात ही चप्पल? दुकान तुझं चाललं, गुडघे नाई चालणार." मला राग आला. दुसऱ्या दिवशी मी बूट घालून आलो, हेही खरं.

पुढं त्यांचं एक स्टूल ठरून गेलं. पेडलांच्या फळीखाली. तिथं बसून ते माझ्या गिऱ्हाइकांना फुकट सल्ला द्यायचे, आणि त्यात माझं नुकसान व्हायचं.

त्यांची एक पद्धत होती. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी खडूचा तुकडा असायचा. गिऱ्हाइकाच्या सायकलच्या दोन्ही पेडलांवर, मधल्या आसाच्या बरोबर वर, ते एक जाड रेघ ओढत. मग म्हणत, बूट काढून मागच्या अंगणात दोन चकरा मारून या. माणूस परत आला की त्याला स्टुलावर बसवून त्याचे तळवे वर करत. तळव्यावर रेघ उमटलेली असायची. कुणाची पावलाच्या मधल्या खळग्यात, कुणाची पार बोटांवर, कुणाची तिरकी. "इथं पाहिजे," म्हणून ते अंगठ्याच्या मागच्या जाड भागावर बोट दाबत. "इथून जोर जातो. खळग्यातून नाई." मग पेडल बदलायचं का बूट, ते ठरायचं.

"आधी विचारायचं का नाही त्यांना, पाय कुठं ठेवता म्हणून?" मी एकदा म्हटलं.

"विचारून पाह्य. प्रत्येक जण बरोबरच सांगते. तोंड खोटं बोलते रे. तळवा नाई बोलत."

एकदा त्यांच्याच जुन्या संस्थेतली एक संशोधक मुलगी आली. तिच्या पायाची बोटं बधिर व्हायची. महागातले, स्पंजासारखे मऊ, पळायचे बूट घातले होते. ती नवी सायकल घ्यायच्या तयारीनं आली होती आणि मीही तिला ती देण्याच्या तयारीत होतो. साहेबांनी तिचा बूट हातात घेऊन पोळीसारखा दुमडला. "बेटा, इसमें पेडल सीधा पैर में घुसता है." तिच्या सायकलची पेडलंही अरुंद, लहान मुलाच्या सायकलीला शोभतील अशी. त्यांनी तिला रुंद पेडलं घ्यायला लावली, वर बारीक दाते असलेली. रबरी नकोत, पावसात सटकतात म्हणाले. आणि बूट कुठले, तर शाळेतल्या पोरांचे कॅनव्हासचे, सपाट कडक तळाचे. "शाम को खरीदना. शाम को पैर फूला होता है. आगे अंगूठे जितनी जगह." ती मुलगी महिन्यानं मिठाई घेऊन आली, त्यांच्यासाठी. मी सायकल विकू शकलो नाही, आणि मिठाईतली एक बर्फी मला मिळाली.

"तुम्ही माझे कोण लागता?" मी विचारलं.

"तुझा कोणी नाई. तुझ्या गिऱ्हाइकाच्या पायाचा नातेवाईक."

हे मी हसून सोडून दिलं. क्लबचं मात्र सोडलं नाही.

दर रविवारी सुखना तलावापर्यंत जाऊन पराठे खाणाऱ्या आठ जणांचा क्लब होता. त्यांना क्लिपची पेडलं आणि त्यांचे बूट हवे होते. या बुटांच्या तळाला धातूची छोटी पट्टी असते. ती पेडलच्या खाचेत दाबली की खटकन बसते आणि पाय सायकलला जोडला जातो. सोडवायचा तर टाच बाहेर वळवायची. पुढाऱ्यानं फोनवर हो म्हटलं म्हणून मी आठही जणांच्या मापांचा माल मागवून ठेवला. आठ जण येऊन उभे राहिले. मी खोकी उघडत होतो, तेवढ्यात स्टुलावरून प्रश्न आला.

"सर, तलाव तक कितनी लाल बत्तियाँ हैं?"

पुढारी पोटानं भरभक्कम होता. मोजायला लागला.

"हर बत्ती पे पाँव नीचे. एक बार टाच घुमाना भूले, तो सर, आप पूरे के पूरे नीचे. और आपके ऊपर ये सात."

ते सगळे हसले. मग खडू निघाला. अंगणात आठ सायकली फिरल्या, आठ जोडी तळवे वर झाले. क्लबनं आठ रुंद साधी पेडलं घेतली आणि गेला. माझी खोकी तशीच राहिली.

मी त्यांचं स्टूल उचलून रस्त्यावर फेकलं. बलविंदर, माझा मिस्त्री, पन्नाशीचा माणूस, मध्ये पडायला आला, त्यालाही मी ओरडलो. साहेब शांतपणे उठले. "क्लिप वाईट नाई बे," म्हणाले. "लांब जाणाऱ्याले चांगली. ज्यानं आधी गवतावर पडून शिकून घेतलं त्याले. यांले पराठा खायले जायचं हाय."

"उद्यापासून येऊ नका."

दुसऱ्या दिवशी ते आले. कॅरियरला घडीची खुर्ची बांधून. पेडलांच्या फळीखाली ती उघडली आणि बसले. मी दुपारपर्यंत बोललो नाही. संध्याकाळी स्टूल आत आणलं. पण मनात ते ठेवलंच. वरच्या फळीवरची ती खोकी रोज माझ्याकडे बघत होती.

त्याच उन्हाळ्यातली एक गोष्ट. मागच्या अंगणात लोखंडी पत्रा पडला होता, जूनच्या दुपारी तव्यासारखा तापलेला. साहेब बूट काढून आतली धूळ झटकत होते, तसेच अनवाणी पाऊल त्या पत्र्यावर टेकवून उभे राहिले. बलविंदर किंचाळला, "ओ बाबाजी, पैर!" साहेबांनी खाली बघितलं. मग सावकाश पाऊल उचललं, जणू कुणा दुसऱ्याचं होतं. "वऱ्हाडातल्या उन्हात वाढलो," म्हणाले. आम्ही दोघंही थक्क झालो. मी ती गोष्ट कौतुकानं दहा लोकांना सांगितली.

आणखी एक. सायकल चालवताना ते सारखे खाली, स्वतःच्या पेडलांकडे बघायचे. मला वाटायचं, आवडीनं बघतात.

दिवाळीच्या आधी एका सकाळी ते आले तेव्हा कोपर सोललेलं होतं. स्टुलावर न बसता उभेच राहिले. म्हणाले, "जाधव, ते क्लिपचं काढ. बुटासहित."

मी हातातला पाना ठेवला. "कुणासाठी?"

"माह्यासाठी."

आता माझी पाळी होती आणि मी ती सोडली नाही. बलविंदरला बोलावलं. दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांनाही सांगितलं, की हे बघा, ज्यांनी आठ माणसांना पाठवून दिलं, तेच आज मागायला आलेत. "का हो साहेब? पाय सुटा पाहिजे ना?"

"फ्लायओव्हरच्या चढावर जोर मिळते म्हणतात," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

"लाल बत्त्या किती आहेत खरडपासून?"

"मोज तू. दे लवकर."

मी शिडी लावून वरचीच खोकी काढली. क्लबसाठी आणलेली. साहेबांचा पाय मला माहीत होता. लांब, पुढं पसरट. त्यांच्या मापाचा जोड त्यात नव्हता. एक माप लहान होता. दोन दिवस थांबलो असतो तर मोठा मागवता आला असता. पण तो पडून राहिलेला माल त्यांच्याच पायात घालायची मला घाई झाली होती. भावही पहिला सांगितला तोच ठेवला. त्यांनी घासाघीस केली नाही. ते मला खटकायला हवं होतं. मी ते जिंकणं समजलो.

बूट घातले. नाडी आवळली. मी खाली बसून विचारलं, "कुठं लागतंय?"

"कुठंच लागत नाई."

"बोटांना?"

"नाई म्हटलं ना."

जो माणूस दुसऱ्याला दहा मिनिटं फरशीवर चालायला लावायचा, तो बसल्या बसल्या बूट पसंत करत होता. त्यांच्याच खिशातून खडू डोकावत होता. मी तो काढला नाही. बुटाच्या टोकावर अंगठा दाबून पुढं जागा किती आहे तेही बघितलं नाही, कारण जागा नव्हती हे मला माहीत होतं. म्हटलं, दोन दिवस चावेल, मग येतील परत, तेव्हा बघू.

पेडलं बसवली. शेडचा खांब धरून ते सायकलवर बसले आणि पाय अडकवायला लागले. खटक. सोडवला. पुन्हा खटक. डोळे मिटून, मान एका बाजूला कलती करून, ते तो आवाज ऐकत होते. दहा-पंधरा वेळा. बलविंदर हसून म्हणाला, "बाबाजी, ये मंदिर की घंटी नहीं है." साहेबही हसले. त्या महिन्यात मी त्यांना इतकं खूश बघितलं नव्हतं. जाताना त्यांनी एकदाही खाली बघितलं नाही.

पुढं थंडी पडली. धुक्यातही ते यायचे, जाड मोजे घालून, त्याच बुटांत. दर वेळी मी विचारायचो, "काय साहेब, चावतोय का?" टोमणा म्हणून. ते म्हणायचे, "लोण्यासारखा." मग तीन आठवडे आले नाहीत. मला वाटलं, बूट चावला, आता तोंड दाखवायची लाज वाटते. सांगायला नको, पण मी मनातून खूश होतो.

मग साहेबांच्या घरून वहिनींचा फोन आला. "जाधव भाऊ, यांना दवाखान्यात ठेवलंय."

मी गेलो. साहेब झोपेच्या औषधाखाली होते. उजव्या पायाची दोन बोटं काढली होती. वहिनी बाहेरच्या बाकावर बसून सांगत होत्या. मोजा बोटांना चिकटून बसला होता, आतून वास यायला लागला तेव्हा कळलं. बूट काढल्यावर आत सगळं काळं.

"इतकं होईपर्यंत दुखलं नाही?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. "दुखेल कसं? तीन वर्षं झाली, पायात काहीच नाही त्यांच्या. साखरेमुळं. चटका कळत नाही, काटा कळत नाही. पेडलवरून पाय कधी घसरला तेही कळत नव्हतं, दोनदा पडले. डॉक्टर म्हणाले सायकल बंद. हे म्हणाले, जोडणारी पेडलं मिळतात, खटका वाजतो, पाय जागेवर बसला ते कानानं कळतं. तुमच्याशी बोललेच असतील की."

मी हो म्हणालो. काय म्हणणार होतो?

बूट पलंगाखाली पिशवीत होते. त्या पिशवीवर माझ्या दुकानाचं नाव होतं.

बोटांनी भागलं नाही. पंधरा दिवसांत पाऊल गेलं, मग गुडघ्याखालचा पाय.

मी खरडला गेलो तो थंडी ओसरताना. चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत साहेब चाकाच्या खुर्चीत उन्हाला बसले होते. भिंतीला त्यांची सायकल उभी होती, क्लिपची पेडलं लावलेली. नात शाळेतून आली, दप्तर टाकून "अंकल, नमस्ते" म्हणाली. तिनं माझ्याकडे बघितलं आणि त्यांनी माझ्या बुटांकडे.

"डावा टाचेकडे झिजवला तू."

"साहेब, तुम्ही मला सांगितलं का नाही?"

ते खालच्या रस्त्याकडे बघत होते. "सांगितलं असतं तर दिली असती काय पेडलं?"

"नसती दिली."

"मग?"

"मग काय? पाय राहिला असता."

"पाय कशाले? खुर्चीसमोर ठेवाले?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "आन् मी वाट पाहून राह्यलो होतो रे. तू खडू काढशील म्हणून. एक माप लहान हाय ते खोकं पाहूनच समजलं मले. म्हटलं, जाधवनं खडू काढला, अंगठा दाबला, तर सांगून टाकू. नाई काढला तर नाई सांगायचं. तू नाई काढला."

माणूस स्वतःचा पाय दुसऱ्याच्या मनातल्या रागावर टांगून ठेवतो, हा कुठला न्याय? मी दुकानदार आहे. मी विचारलं होतं, कुठं लागतंय म्हणून.

त्यांनी खिशातून खडू काढला. खुर्चीच्या पायटेकूवर, उरलेल्या डाव्या पायाखाली, रेघ ओढली. मग दोन्ही हातांनी पँट धरून पाय उचलला आणि एखादं सामान ठेवावं तसा त्या रेघेवर ठेवला. थोडा दाबला. पुन्हा उचलला.

"मले वाकून दिसत नाई. कुठं उमटली सांग."

मी खाली बसलो. या वेळी नीट बघितलं. मोज्यावर पांढरी रेघ पार टाचेकडे गेली होती. आणि पुढं, अंगठ्याच्या मागच्या जाड भागावर, जिथून जोर जातो म्हणायचे तिथं, मोजा ओला होता. नाण्याएवढा. कडेला तपकिरी.

"टाचेकडे गेलीय," मी म्हणालो. "आणि साहेब, इथं ओलं आहे."

"हाव. चार दिवस झाले."

"वहिनींना—"

"तिले नको सांगू, जाधव. हा एकच राह्यला. पाहून घेऊ दे थोडे दिवस."

एका दुकानदाराला दुसऱ्यांदा तीच चूक करता येत नाही. मी उभा राहिलो आणि आत हाक मारली. "वहिनी, जरा इकडं या."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत मी त्यांना शिव्या दिल्या, त्यांचं स्टूल फेकलं, पण ते रागावलेले मी कधी बघितले नव्हते. ते तेव्हा बघितले. वहिनी पदराला हात पुसत आल्या, खाली वाकल्या आणि तशाच खाली बसून राहिल्या. मी निघालो.

खाली रस्त्यावर येऊन वर बघितलं. मी त्यांना बघितलं ते तेवढंच शेवटचं. ते गॅलरीच्या गजांतून खाली बघत होते. मी हात केला. त्यांची नजर माझ्या तोंडाकडे आलीच नाही. कॉलेजातून परतणाऱ्या पोरांचे बूट, एका बाईच्या सँडल, भाजीवाल्याची फाटकी चप्पल, एकामागून एक ते बघत होते. माझे पाय तेवढे त्यांनी मध्ये सोडून दिले.